हौसाबाईचा अंगठा

“हरकत आहे साहेब!”

विरोधकांचा वकील समोरच्या बाकावरून उठला आणि नगरपालिकेच्या सभागृहातली कुजबुज एकदम थांबली. अर्ज छाननीचा दिवस होता. टेबलावर आमच्या आप्पांचा, म्हणजे रंगराव जाचकांचा अर्ज आला होता. आप्पा तीनदा निवडून आलेले, नीरगाव नगरपालिकेत आमच्या शहर विकास आघाडीचे नेते. त्यांच्या अर्जाला आजवर कुणी बोट लावलं नव्हतं. अधिकारी ‘मंजूर’ म्हणायचे, आप्पा हात जोडायचे आणि आम्ही बाहेर येऊन पेढे वाटायचो. पेढ्यांचा पुडा माझ्या मांडीवर तयारच होता.

“कसली हरकत?” निवडणूक अधिकाऱ्यांनी विचारलं.

“अर्जावर सूचक म्हणून हौसाबाई गणपत लोणारी यांचा अंगठा आहे. सूचक त्याच प्रभागाचा मतदार लागतो. हौसाबाई प्रभाग सातच्या मतदारच नाहीत.”

मला हसूच आलं. मी जागेवरून म्हटलं, “अहो वकीलसाहेब, डोकं ठिकाणावर आहे ना? हौसामावशी सातमध्ये नाही तर काय चंद्रावर राहते?”

सभागृह हसलं. अधिकारी हसले नाहीत. “बाई, खाली बसा,” म्हणाले आणि त्यांनी सातची मतदार यादी पुढं ओढली. “भाग तीन, अनुक्रमांक दोनशे अकरा. इथं शशिकांत पाटणे, वय बत्तीस, असं आहे.” मग आठची यादी उघडली. बोट खाली खाली सरकलं आणि थांबलं. “लोणारी हौसाबाई गणपत. वय एक्क्याऐंशी. प्रभाग आठ.”

नव्या प्रभागरचनेत लोणार गल्ली मधोमध चिरली होती. पश्चिमेची घरं सातमध्ये, पूर्वेची आठमध्ये. हे मला माहीत होतं, अहो मीच गल्लीत फिरून लोकांना सांगत होते! आणि हौसामावशीचं दार पूर्वेला होतं. पण हौसामावशी म्हणजे आप्पांचा प्रभाग, असं डोक्यात इतकं घट्ट बसलेलं की तिचं घर कुठल्या बाजूला, हे कधी मनातसुद्धा आलं नाही.

“अर्ज नामंजूर,” अधिकारी म्हणाले.

बाहेरच्या व्हरांड्यात विरोधकांनी शिट्ट्या मारल्या. आप्पा उठले, टोपी सरळ केली आणि कुणाकडं न बघता दाराकडं चालायला लागले. माझ्याकडं तर बघितलंच नाही. मी “आप्पा!” म्हणून हाक मारणार तोच अधिकाऱ्यांचा आवाज आला.

“आघाडीच्या पत्रात पर्यायी उमेदवार म्हणून सौ. मालन दिनकर भिंगारे यांचं नाव आहे. त्यांचा अर्ज तपासला, मंजूर आहे. मालन भिंगारे हजर आहेत का?”

मी हजर होते. पुडा मांडीवरून घसरला आणि पेढे सगळ्या फरशीभर झाले.

तर मालन भिंगारे ती मीच. जुन्या पेठेत आमचं ब्लाउज शिवायचं दुकान. पण गाव मला ओळखतं ते आवाजावरून. माझा बाप आठवडी बाजारात विळ्या-सुऱ्या विकायचा आणि त्याची आरोळी नदीपलीकडं ऐकू जायची. तो गळा वारशानं माझ्याकडं आला. तीन निवडणुका मी आप्पांचा माइक होते. हुसेनभाईंची रिक्षा, वर दोन भोंगे, आत मी. “ताई, माई, अक्का, निर्णय करा पक्का! रंगराव जाचक, रंगराव जाचक, कपबशी!” नाव दोनदा, चिन्ह एकदा, आणि मग एक श्वास सोडायचा. लोकांना तो श्वाससुद्धा पाठ होता. पोरं माझ्या नकला करायची आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

आणि दोन निवडणुका मी आप्पांची डमी होते. डमी म्हणजे असं, की मुख्य उमेदवाराचा अर्ज काही कारणानं बाद झालाच, तर आघाडी तोंडघशी पडू नये म्हणून भरून ठेवलेला दुसरा अर्ज. मुख्य अर्ज मंजूर झाला की डमी आपोआप बाद. आप्पांना मूलबाळ नव्हतं, त्यांची बायको, आमच्या आत्याबाई, जाऊन सात वर्षं झालेली. “नुसती पद्धत आहे, सही कर,” आप्पा म्हणायचे आणि मी करायचे. कुणी तो कागद वाचायचंसुद्धा नाही.

आप्पांचा खरा अर्ज मात्र थाटात भरला जायचा. हौसामावशीला हुसेनभाई रिक्षातून आणायचे. ती नवं हिरवं लुगडं नेसून यायची, जिलेबी खायची आणि सूचकाच्या जागी अंगठा उठवायची. आप्पा पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा त्यांच्यासाठी सही करायला कुणी तयार नव्हतं, तिनं अंगठा दिला होता. मधे एकदा ती लेकीकडं गेली होती, दुसऱ्याची सही घेतली, तर आप्पा एकेचाळीस मतांनी पडले. तेव्हापासून हौसाबाईचा अंगठा म्हणजे विजय, हे गावानंच ठरवून टाकलं.

यंदा अर्ज मी लिहिला. माझं अक्षर चांगलं. आप्पा झोपाळ्यावर बसून सांगत होते. “सूचक हौसाबाई गणपत लोणारी. भाग तीन, अनुक्रमांक दोनशे अकरा.” तोंडपाठ. मी लिहीत गेले. दरवेळी आप्पा चार अर्ज भरायचे, कायद्यानं तेवढे चालतात, एकात चूक निघाली तर दुसरा. यंदाही वकिलांनी चार कोरे अर्ज आणले होते. आप्पांनी तीन परत दिले.

“अहो आप्पा, चार भरू या की,” मी म्हटलं.

“लग्न एकदाच लावतात, मालन. चारदा लावणाऱ्याचा संसार होत नाही.”

आम्ही सगळे हसलो. हौसामावशी तर जिलेबी हातात धरून पोटभर हसली.

छाननीच्या संध्याकाळपर्यंत गावाचा निकाल लागलेला होता. अर्ज कुणी लिहिला? मालननं. डमी कोण? मालन. मग आणखी काय सांगायला पाहिजे! चहाच्या टपरीवर, गिरणीत, नळावर एकच विषय. शिंपिणीनं मापात घेतलं म्हणे आप्पांना. दुकानात ब्लाउज न्यायला आलेली एक बाई तोंडावर म्हणाली, “खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत गं.” मी कात्री आपटली. “चार टाके कमी पडले असतील तर सांगा, नाहीतर चालायला लागा,” म्हटलं.

रात्री आमच्या ह्यांनी विचारलं. हे एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक, दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस. “तू मुद्दाम नाही ना केलंस?”

“तुम्हीपण?”

“मी आपलं विचारलं. तू नाही म्हणालीस की संपलं.”

“नाही केलं हो! पण आकडा मी तपासायला हवा होता. माझ्या हाताखाली यादी होती. एक पान उलटलं असतं तर...” मी रडले.

मी आप्पांच्या घरी गेले. पहिल्या दिवशी घरगडी म्हणाला, आप्पा झोपलेत. दुसऱ्या दिवशी म्हणाला, आप्पांना बरं नाही. तिसऱ्या दिवशी मी फाटकातून ओरडले, “आप्पा, मी मुद्दाम नाही केलं!” सगळ्या आळीनं ऐकलं. माडीवरची खिडकी लागली तेवढी. अन्न घशाखाली उतरेना. पाण्यावर होते म्हटलं तरी चालेल.

चौथ्या दिवशी भरदुपारी हौसामावशी आमच्या दारात आली. काठी टेकत, डोळ्याला पदर लावून. “माले, माझ्या अंगठ्यानं घात केला गं! जळो हा अंगठा! तोडून टाक गं बाई हा!” तिचा आवाज माझ्यासारखाच, चौकापर्यंत जाणारा. शेजारणी जमल्या. मी तिला घरात घेतलं, पाणी दिलं. तर बाहेर दोघीतिघी म्हणायला लागल्या, “त्या म्हातारीला कशाला रडवलं? करायचं ते करून बसली आणि आता पाणी पाजतेय.” मी दार लावून घेतलं.

त्याच संध्याकाळी रणधीर आला. रणधीर म्हणजे आप्पांचा पुतण्या. पांढरी गाडी, पांढरे बूट. आठवडी बाजाराच्या मैदानावर दुकानांची इमारत उठवायचं त्याच्या डोक्यात होतं आणि आप्पा आठ वर्षं त्याला आडवे होते. आघाडीचे अध्यक्ष रणधीरचे सासरे. आप्पा आहेत तोवर तिकीट मागायची कुणाची छाती नव्हती, म्हणून यानं रुसून अपक्ष अर्ज भरून ठेवला होता. आता त्या अर्जाला सोन्याचा भाव आला.

“काकी, उद्या दुपारी तीनपर्यंत माघार घेता येते,” तो खुर्चीवर बसत म्हणाला. “तुम्ही घ्या. आघाडी मला पाठिंबा देतेय, सासऱ्यांशी बोलणं झालंय.”

“आप्पांशी झालंय का?”

“आप्पा काय बोलणार? त्यांच्या मनाला लागलंय. त्यांचीपण हीच इच्छा आहे. आणि काकी, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्ही उभ्या राहिलात तर गाव म्हणणार, बघा, ठरवूनच केलं होतं. माघार घेतलीत तर म्हणणार, चुकून झालं बिचारीच्या हातून. तुमचं नाव तुमच्या हातात आहे.”

हे मात्र त्यानं बरोबर नेमकं टोचलं. मी रात्रभर त्याचाच विचार केला. खरं सांगू? उभं राहायचं माझ्या मनात होतं. सभागृहात नाव पुकारलं गेलं तेव्हा भीतीच्या खाली कुठंतरी उकळी फुटली होती. सातमधलं घर न् घर मला माहीत होतं. कुणाच्या नळाला पाणी येत नाही, कुणाच्या दारात गटार तुंबतं, सगळं. बाजाराचं मैदान तर माझ्या बापाचं. पण माझा बाप म्हणायचा, उसना घेतलेला गळा आणि चोरलेलं पागोटं कधी शोभत नाही. लोक मला चोर समजून मत देणार किंवा चोर समजून देणार नाहीत. दोन्ही नको वाटलं. सकाळी रणधीरला हो म्हणून कळवलं आणि ह्यांना म्हटलं, “मी माघार घेते.”

“तुझी मर्जी,” हे म्हणाले. आणि डेपोत जायचं सोडून हुसेनभाईंकडं गेले, ते मला नंतर कळलं.

अडीच वाजता मी नगरपालिकेत पोचले. सभागृह खच्चून भरलेलं. माघारीच्या दिवशी असंच असतं. कोपऱ्याकोपऱ्यात कुणीतरी कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून समजूत घालत असतं. मी आत शिरले तशी वाट आपोआप मोकळी झाली. रणधीर दारातच उभा होता. त्यानं कधी नव्हे ते वाकून नमस्कार केला.

मी टेबलासमोर बसून माघारीचा अर्ज लिहिला. नाव, प्रभाग, सही. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून शेहेचाळीस मिनिटं झालेली.

“स्वखुशीनं घेताय ना, बाई?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“हो.”

“मग द्या इकडं.”

मी कागद उचलला. आणि तेवढ्यात बाहेरून, पेठेच्या बाजूनं भोंग्याचा खरखराट आला. माझा हात जागीच थांबला. तो भोंगा मी झोपेत ओळखला असता. हुसेनभाईंच्या रिक्षातला डावा भोंगा फाटका होता.

“हॅलो, हॅलो... हे चालू आहे का रे हुसेन?... हॅलो. मी रंगराव जाचक बोलतोय.”

पंधरा वर्षांत आप्पांनी प्रचाराच्या रिक्षात कधी पाय ठेवला नव्हता.

“ऐका! तीन निवडणुका त्या बाईनं माझं नाव घेऊन तुम्हाला दुपारच्या झोपेतून उठवलं. आज मी तिचं घ्यायला आलोय. अर्ज मालननं लिहिला. आकडा मी सांगितला. मी! चूक माझी आहे, तिची नाही. जो कुणी तिला गद्दार म्हणेल, त्यानं आधी मला म्हणावं. माझं घर सगळ्यांना माहीत आहे.”

माझ्या डोळ्यांना घळाघळा धारा लागल्या. बाया खिडकीशी धावल्या. रिक्षा जवळ येत होती.

“कोण आहे हे? माइकची परवानगी घेतली का?” अधिकारी उभे राहिले.

“ताई, माई, अक्का...” आप्पांचा आवाज चिरकला. “निर्णय करा पक्का! कपबशी! कपबशी! मालन भिंगारे!”

अरे देवा! रडत होते तशी मी ताडकन उभी राहिले. “चुकलं! अहो, असं नाही! नाव दोनदा, चिन्ह एकदा! हा माणूस सगळी चालच बिघडवतोय!”

“बाई, अर्ज देताय का? दहा मिनिटं राहिलीत.”

“थांबा साहेब, आधी त्यांना सांगून येते,” म्हटलं आणि मी निघाले. कागद हातातच होता. दारात रणधीर आडवा झाला.

“काकी, तो कागद देऊन जा.”

“रणधीर, बाजूला हो.”

“काकी, तुम्ही शब्द दिलाय.”

“तू म्हणालास आप्पांची इच्छा आहे. आप्पा रस्त्यावर काय ओरडतायत ते ऐकू येतंय ना? का बुटांसारखे कानही पांढरे झालेत?”

मागून कुणीतरी फस्सकन हसलं आणि मग सगळा व्हरांडाच हसला. रणधीर लाल झाला, पण बाजूला झाला. मी जिना दोन-दोन पायऱ्या उतरले. फाटकात रिक्षा उभी. चारही बाजूंनी माणसं गोळा झालेली. पुढं हुसेनभाई, त्यांच्या शेजारी आमचे हे, मागं माझ्या जागेवर आप्पा. डोक्यावर टोपी नाही, पायात चप्पल नाही. माइक उलटा धरलेला.

“आप्पा, काय चालवलंय हे? चिन्ह आधी घेतात का कुणी? आणि मधे श्वास कुठाय?”

“मला काय येतंय त्यातलं?” आप्पा धापा टाकत म्हणाले. “येत असेल तर तू घे.” आणि त्यांनी माइक माझ्या हातात कोंबला.

मी घेतला. “ताई, माई, अक्का, निर्णय करा पक्का!” आवाज कसा सणसणीत निघाला. पोरं ओरडली. आणि पुढं गाडी अडली. दुसऱ्याचं नाव हजार वेळा घेतलेला माझा गळा, माझंच नाव काही केल्या बाहेर पडेना. तोंड उघडं, भोंगा नुसता घुमतोय. समोर सगळी पेठ बघतेय.

“घे की!” आप्पा खाली वाकून हळूच म्हणाले. “माझं घेताना लाज वाटली नाही ती?”

“मालन भिंगारे,” मी म्हटलं. अगदीच पुटपुटले. मग डोळे मिटले, बापाचा बाजार आठवला आणि दुसऱ्यांदा जी आरोळी ठोकली ती ऐकून नगरपालिकेच्या पिंपळावरचे कावळे उडाले. “मालन भिंगारेऽऽ! कपबशी!”

आणि एक श्वास सोडला. तो श्वास ऐकून लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

वर सभागृहातल्या घड्याळात तीन वाजले. माघारीचा कागद माझ्या मुठीत चोळामोळा झालेला होता.

विनापरवाना माइक लावल्याची नोटीस दुसऱ्याच दिवशी आली. तिच्या मागच्या बाजूवर मी प्रचाराच्या फेऱ्या आखल्या. बारा दिवस नुसती धमाल होती! सकाळी मी घरोघर, दुपारी रिक्षात आप्पा. चाल त्यांना शेवटपर्यंत जमली नाही, रोज माझ्या शिव्या खायचे आणि रोज चुकवायचे. लोक मुद्दाम ऐकायला दारात यायचे. हौसामावशी आठमधून उठून सातमध्ये यायची आणि पायरीवर बसून म्हणायची, “अंगठा तिकडं गेला, पण तोंड इकडंच आहे माझं.” मी तीनशे सात मतांनी निवडून आले. रणधीरचा धुव्वा उडाला. बाजाराचं मैदान अजून आहे तिथं आहे, गुरुवारी येऊन बघा.

त्यानंतर मी आणखी दोनदा निवडून आले आणि आप्पांच्या खुर्चीवर, म्हणजे आघाडीच्या नेत्याच्या जागेवर बसले. गेल्या वर्षी पुन्हा प्रभागरचना निघाली. आमचीही हरकत द्यायची होती, म्हणून जुन्या हरकतींचा नमुना बघायला मी दप्तरखान्यातून गठ्ठे काढायला लावले. धूळ झटकत एकेक कागद बघत होते. आणि हरकत क्रमांक चौदा हातात आली. तारीख माझ्या पहिल्या निवडणुकीच्या चार महिने आधीची.

‘लोणार गल्लीच्या पूर्वेकडील घरे प्रभाग आठमध्ये घालू नयेत. उदाहरणार्थ, हौसाबाई गणपत लोणारी यांचे घर पूर्वापार प्रभाग सातमध्ये असून...’ खाली शेरा, ‘फेटाळली’. त्याच्याखाली, कळविल्याप्रमाणे निर्णय वाचला म्हणून सही. रंगराव बाळाजी जाचक.

मी तो कागद दोनदा वाचला. मग शिपायाकडून त्याची झेरॉक्स काढून घेतली आणि तडक आप्पांच्या घरी गेले. आप्पा आता ऐंशीच्या पुढं आहेत. झोपाळ्यावरच होते, शेंगा सोलत.

“हे काय आहे?” मी कागद पुढं ठेवला.

त्यांनी चष्मा न लावताच बघितलं. “कागद आहे.”

“सही तुमची आहे.”

“हजार सह्या केल्या आयुष्यात. वाचून कोण करतंय?”

“आप्पा!”

त्यांनी एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले. “चार अर्ज भरता येतात, मालन. मी एकच भरला. विचारायचंच होतं तर तेव्हा विचारायचंस.”

मी खाली बसले. “म्हणजे तुम्ही...”

“मी थकलो, थांबतो, असं म्हणालो असतो तर तिकीट कुणाला गेलं असतं? आघाडीचा अध्यक्ष कुणाचा सासरा होता? आणि मालनला द्या म्हणालो असतो, तर एकानं तरी हात वर केला असता का?”

खरं होतं. पण माझा संताप मस्तकात गेला. “पाच दिवस मी जेवले नाही आप्पा! गाव तोंडावर थुंकत होतं. तुमच्या फाटकात उभी राहून ओरडले मी, तुम्ही खिडकी लावून घेतलीत. एका शब्दानं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?”

“सगळंच. तुला ठाऊक असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. तुला मोठ्यानं बोलता येतं, खोटं बोलता येत नाही.”

“आणि हौसामावशी? ती बिचारी माझ्या दारात छाती पिटत...”

“हौसाबाईला येतं,” आप्पा म्हणाले. “तिला आधी विचारलं होतं मी. तिचा अंगठा, तिला न विचारता कसा वाया घालवणार?”

मला तो पदर आठवला. कोरडा ठणठणीत होता. पाणी पिताना म्हातारी माझ्याकडं न बघता भिंतीकडं बघत होती, तेही आठवलं. मावशी जाऊन दहा वर्षं झाली, नाहीतर त्याच पावली जाऊन भांडले असते.

“आणि मी माघार घेतली असती तर?”

आप्पांच्या हातातली शेंग थांबली. “तेवढं मात्र माझ्या हिशोबात नव्हतं. तू माघार घ्यायला निघशील असं वाटलंच नाही मला. तुझ्या नवऱ्यानं हुसेनला आणून दारात उभं केलं आणि सांगितलं, तेव्हा चप्पल घालायलासुद्धा सुचलं नाही.” मग म्हणाले, “ते पाच दिवस मीही जेवलो नव्हतो. खिडकी लावली ती तुला बघवेना म्हणून.”

मी शेंगा सोलायला घेतल्या. दोघांनी मिळून सगळं सूप संपवलं.

आता परवा अर्ज भरायचे आहेत. माझे गुडघे बोलतात, जिना चढताना दोनदा थांबावं लागतं. रिक्षातला माइक सध्या हुसेनभाईंची सून शमीम सांभाळते. गळा माझ्याइतका नाही, पण श्वास बरोबर जागेवर सोडते, आणि सातमधलं एकेक घर तिला पाठ आहे. आघाडीत तिचं नाव सुचवून बघितलं होतं, सगळे चहाच्या कपात बघायला लागले. काल तिच्या डमी अर्जावर सही घेतली. सही करता करता म्हणाली, “चाची, यातून काही निघणार तर नाही ना?” म्हटलं, “काही नाही गं, नुसती पद्धत आहे.”

तुम्ही मात्र कुठं बोलू नका. सकाळी वकील चार कोरे अर्ज घेऊन आले होते. मी तीन परत दिले.